जांभळ्या वेष्टनातली तबकडी

नीवेसने शनिवारी दुपारी नाट्यगृहाच्या संचालकांच्या डोक्यात स्वतःच्या गाण्यांची तबकडी फोडली. नाही, फोडली नाही. तसं काही घडलंच नाही. संचालकांच्या कपाळावरचं टेंगूळ जन्मापासूनचं आहे, हे गावात कोणीही सांगेल.

घडलं ते एवढंच. नीवेस जॅझ पियानो वाजवते. तीन वर्षं खपून तिने जुन्या ऑपेरांतली आणि भातखाचरातल्या बायकांची गाणी जॅझमध्ये बसवून त्यांची तबकडी काढली. शेवटचं गाणं तिच्या आईने, आर्जियाने गायलं. चौदाव्या वर्षी गुडघाभर पाण्यात तण उपटताना गायची ते. आर्जियाने पुढे एकतीस वर्षं याच नाट्यगृहातल्या खुर्च्या पुसल्या. रंगमंचावर ती चढली ती फडकं घेऊनच. त्या शनिवारी तबकडीच्या प्रकाशनाला ती तिथे गाणार होती.

तबकड्यांचं खोकं उघडलं आणि संचालक बोसोलांनी अपशकुन टळावा म्हणून धावत जाऊन लोखंडी कठडा धरला.

"जांभळं! नाट्यगृहात जांभळं आणलंत?"

"फोनवर वेष्टन निळं दिसलं होतं," नीवेस म्हणाली.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत पाद्री जांभळं घालायचे, नाट्यगृहं बंद व्हायची, नट उपाशी मरायचे. त्याला शतकं लोटली. भूक अजून ताजी आहे.

"वेष्टनं फाडून टाकते, साहेब."

"फाडल्याने रंग बदलतो?"

"मग खोकं गाडीत नेऊन ठेवते! आईला तरी गाऊ द्या!"

"मी नाही गाणार," दारातून आर्जिया म्हणाली. तिनेही मुठीत लोखंडी किल्ल्यांचा जुडगा आवळला होता. "उंबरा ओलांडला त्या रंगाने."

"आई, तूसुद्धा? तीन वर्षं घासलीत मी!"

"त्यात एकदा डोळे उघडून बघायचंस."

नीवेसच्या हातात तबकडी होती. आईवर हात उगारता येत नाही. संचालक जवळच उभे होते. पुढे काय घडलं नाही, ते वर सांगितलंच आहे.

सोमवारी तिने नगरपालिकेत अर्ज दिला, पेनाने कागद जवळजवळ फाडत:

"ज्याअर्थी संचालकांचे टेंगूळ जन्मजात मानता येते, त्याअर्थी गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता सदर खोक्यातील रंग निळा होता, असे पूर्वलक्षी प्रभावाने जाहीर करण्यात यावे व तसा दाखला माझ्या आईस देण्यात यावा. गायिकेचे वय ब्याऐंशी असल्याने निर्णय तातडीने व्हावा, ही नम्र विनंती."