पंचेचाळीस वॅटचा अबोला

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे नकाशेबाई म्हणत. लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढायचे, हे तिचं काम. ओटा कुठे, सिंक कुठे, कोणता ड्रॉवर किती खोल, वरच्या कपाटाचं दार उघडलं तर ते खाली उभ्या माणसाच्या कपाळात बसतं की नाही, हे सगळं ती आधी लॅपटॉपवर बघून ठेवायची. मग त्या नकाशाला रंग, उजेड आणि सावल्या देऊन असं चित्र तयार करायची, की गिऱ्हाईक विचारायचं, "हा फोटो कुणाच्या घरातला?" तो कुणाच्याच घरातला नसायचा. असं एक चित्र तयार करायला लॅपटॉपला अकरा मिनिटं लागत. तेवढ्यात तिचा चहा पिऊन व्हायचा आणि कपही विसळून व्हायचा.

एका सोमवारी त्याच कामाला पन्नास मिनिटं लागली. तिने चहा प्यायला, कप विसळला, ओटा पुसला, कपडे वाळत घातले, आणि परत येऊन बघितलं तर चित्रातल्या स्वयंपाकघराला अजून छतच आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. दुसऱ्या दिवशी नको असलेल्या फायली पुसल्या. तिसऱ्या दिवशी हव्या असलेल्याही थोड्या पुसल्या. व्हायरस शोधणारा प्रोग्राम रात्रभर चालवला, त्याला एकही व्हायरस सापडला नाही, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईट वाटलं. एखादा सापडला असता तर निदान कुणावर तरी राग काढता आला असता.

सल्ले देणारे पुष्कळ होते. कारखान्याचे मालक म्हणाले, मेमरी वाढवा. मावसभावाने फोनवरूनच, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसं सांगितलं, "सरळ फॉरमॅट मार." नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याची कामाची खोली घरातच होती. त्याने लॅपटॉपला हात लावून बघितला, गरम आहे म्हणाला आणि खाली ठेवायला लाकडाचे दोन ठोकळे आणून दिले. ठोकळ्यांवर बसून लॅपटॉप पूर्वीइतकाच मंद चालू लागला, फक्त थोडा उंचावरून.

असे तीन आठवडे गेले. एरवी तिने दिवस ढकलले असते, पण नेमकं तेव्हाच एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचं काम कारखान्याकडे आलं होतं. चारशे रुग्णांचं जेवण होईल एवढं स्वयंपाकघर. शुक्रवारी सकाळी आठ चित्रं दाखवायची होती. मालकांनी आवाज न चढवता सांगितलं, "बाई, नाही जमलं तर आत्ताच सांगा, मी बाहेरून करून घेतो." आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

म्हणून सोमवारी ती रेडिओकाकांकडे गेली.

रेडिओकाका पूर्वी रेडिओ दुरुस्त करत. रेडिओ गेले, काका राहिले. आता त्यांच्या अरुंद दुकानात लॅपटॉप आणि मोबाइल पोट उघडून पडलेले असत. काका घाई करत नसत, आणि गिऱ्हाइकालाही करू देत नसत. आधी प्रश्न, मग स्क्रूड्रायव्हर, असा त्यांचा नियम होता.

"काय होतंय?"

"मंद झालाय."

"हळूहळू झाला की एकदम?"

"एकदम. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारपासून."

"रविवारी काय झालं होतं?"

"रविवारी काही नाही झालं," ती म्हणाली. ते जरा जास्तच लवकर म्हणाली.

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला. त्यांनी टेबलावरची वायर लॅपटॉपला लावली. तिने चित्र सुरू करून दिलं. दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. बरोबर अकराव्या मिनिटाला चित्र छतासकट तयार झालं.

"बरा आहे की," काका म्हणाले.

"घरी असा नाही वागत."

"घरी कोण वागतं?"

ती घरी आली आणि तेच चित्र पुन्हा लावलं. एकावन्न मिनिटं. तिने फोन केला, तेव्हा काकांनी आधी मिनिटं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "परवा पुन्हा या. पण नुसता लॅपटॉप आणू नका. घरी तो जसा असतो तसाच्या तसा आणा. पिशवी, माउस, वायर, खाली जे काही ठेवता तेही."

मंगळवारी दुकान बंद होतं. बुधवारी ती ठोकळ्यांसकट गेली. काकांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. ठोकळे हातात घेऊन वजन बघितलं आणि बाजूला ठेवले. माउस उलटा करून बघितला. मग चार्जर उचलला, त्याच्या पोटावरची बारीक अक्षरं भिंगाखाली धरली, आणि तसेच थांबले.

"हा चार्जर ह्याचा नाही."

"असं कसं? ह्याचाच आहे. बसतो ना त्यात."

"बसतो. चप्पलसुद्धा दुसऱ्याची बसते. हा पंचेचाळीस वॅटचा आहे, ह्याला लागतो नव्वदचा. आता दोन माणसांचं खाणारा गडी. त्याला तुम्ही तीन आठवडे एका माणसाचं जेवण देताय. तो काही मरत नाही. फक्त जपून राहतो, हळू काम करतो. माझ्याकडे आल्यावर पोटभर मिळालं, तर लागला धावायला. लॅपटॉप चांगलाच शहाणा आहे तुमचा." त्यांनी भिंग पुसलं. "त्या पहिल्या सोमवारी चालू केला तेव्हा काही सूचना आली असेल. पिवळी चौकट वगैरे?"

आली होती. आता तिला आठवलं. सकाळी सकाळी पिवळी चौकट आली होती, आणि तिने खालच्या 'हा संदेश पुन्हा दाखवू नये' वर खूण करून ती घालवली होती. त्या सकाळी तिला कुणाचंच काही ऐकून घ्यायचं नव्हतं.

"चार्जर बदलला कुठे असेल?" काकांनी विचारलं. "घरात कुणी आलं होतं? गेलं होतं?"

"नणंद," ती म्हणाली. "गेली."

तिच्या नणंदेला सगळे रेक्टरबाई म्हणत, कारण दोनशे मुलींचं वसतिगृह त्या बावीस वर्षं सांभाळत होत्या. त्यांच्या खोल्यांना रंग द्यायचा निघाला, म्हणून आठ दिवसांसाठी त्या भावाकडे राहायला आल्या. येताना स्वतःचा छोटा लॅपटॉप घेऊन आल्या. तो त्याच कंपनीचा होता, आणि त्याचा चार्जर तसाच काळा, फक्त थोडा लहान. पण टेबलाखालच्या चार्जरचं तोंड रोज कोण बघतं?

सात दिवस बरे गेले. आठव्या दिवशी, रविवारी, नकाशेबाई एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेली होती. ती परत आली तेव्हा रेक्टरबाईंनी सगळे ड्रॉवर रिकामे करून स्वयंपाकघर नव्याने लावून ठेवलं होतं. वर म्हणाल्या, "दुसऱ्यांची स्वयंपाकघरं आखतेस आणि तुझ्या घरात झारा शोधायला मोहीम काढावी लागते." हे खरं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. ती म्हणाली, "ताई, हे माझं घर आहे, तुमचं वसतिगृह नाही." रेक्टरबाईंनी लगेच बॅग भरली. रागात माणूस हाताला येईल ते भरतो. भाऊ बसथांब्यापर्यंत सोडायला गेला, आणि परत येऊन फक्त एवढंच म्हणाला, "बस वेळेवर आली."

तेव्हापासून अबोला होता.

"माझ्याकडे नव्वदचा हा एकच आहे, टेबलाचा," काका म्हणाले. "तो मी देऊ शकत नाही. नवीन मागवला तर दहा दिवस. त्यापेक्षा फोन करा. दोन मिनिटांचं काम आहे."

घरी आल्यावर ती नवऱ्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तो कुणाच्या तरी खालच्या दाढा घासत होता. तिने सगळं सांगितलं.

"तू कर ना फोन ताईंना."

"चार्जर तुझा."

"बहीण तुझी."

"भांडण तुमचं," तो म्हणाला, आणि दाढेवर फुंकर मारून ती उजेडात धरून बघू लागला.

मग तिने फोन हातात घेतला, खाली ठेवला, पाणी प्यायलं, आणि लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"चार्जर ना?" रेक्टरबाई म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. तुझा जड आहे."

"मग फोन का नाही केलात, ताई? माझं काम तीन आठवडे अडलंय!"

"मी मोठी आहे."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग रेक्टरबाईंनीच विचारलं, आवाज जरा खाली आणून, "खूप अडलंय का गं?"

"परवा आठ चित्रं द्यायची आहेत."

"उद्या सकाळच्या बसने येते. दुसऱ्या कुणाच्या हाती नाही पाठवणार."

गुरुवारी साडेनऊला रेक्टरबाई आल्या. हातात फक्त एक पिशवी, आणि तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला चार्जर. त्यांनी चपला काढल्या, भावाची चौकशी केली, आणि "मी चहा ठेवते" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. त्या रविवारीच नकाशेबाईने सगळे ड्रॉवर पूर्ववत केले होते. एक सोडून. झारा, उलथनं आणि डाव शेगडीच्या उजव्या हाताला होते, रेक्टरबाईंनी ठेवले होते तिथेच. रेक्टरबाईंनी तो ड्रॉवर उघडला, बघितलं, आणि आवाज न करता लावून घेतला.

चार्जर लागला. पहिलं चित्र सुरू झालं. दोघी कप घेऊन पडद्यासमोर बसल्या. आता अकरा मिनिटं काही करण्यासारखं नव्हतं.

"मी विचारायला हवं होतं," रेक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "ड्रॉवरला हात लावायच्या आधी."

"मीही वसतिगृह म्हणायला नको होतं."

"वसतिगृह ही काही शिवी नाही."

"नाही."

"तू म्हणालीस मात्र शिवीसारखं."

"हो," नकाशेबाईने कबूल केलं.

तेवढ्यात चित्र पुरं झालं. उजळ, स्वच्छ, लांबलचक स्वयंपाकघर. डावीकडे शेगड्यांची रांग, उजवीकडे भांडी घासायची जागा, समोर रुंद दार आणि दारात जेवणाची गाडी. नकाशेबाईला ते चित्र बघून तीन आठवड्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. रेक्टरबाईंनी चष्मा लावला आणि पुढे वाकल्या.

"भरलेल्या गाड्या ह्याच दारातून बाहेर जाणार?"

"हो."

"आणि उष्टी ताटं?"

"तीही त्यातूनच येणार. दार चांगलं रुंद आहे, ताई. दोन गाड्या शेजारून जातात. मी मोजलंय."

"गाड्या जातात. त्या ढकलणाऱ्या बायका थांबतात, बोलतात, एकमेकींना आधी जा म्हणतात. शेवटचं जेवण निघतं नेमकं तेव्हाच पहिली उष्टी ताटं परत येतात. बावीस वर्षं मी रोज त्या दारात उभी राहून ओरडलेय." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, भांडी घासायच्या जागेमागच्या भिंतीवर. "इथे एक खिडकी दे. ताटं बाहेरूनच आत सरकवायची. गाडीला आत यायचं कामच नाही."

मनात नकाशेबाईला पहिल्यांदा राग आला. मग तिने भिंतीमागे काय आहे ते नकाशात बघितलं. तिथे नुसता मोकळा बोळ होता. मग दुसऱ्यांदा राग आला, पण या वेळी स्वतःचा. तिने खिडकी काढली, उंची विचारली, रेक्टरबाईंनी कमरेजवळ हात धरून दाखवली, आणि तिने टेपने तो हात मोजला. आठही चित्रं नव्याने करावी लागली. दुपारभर दोघी बसल्या. रेक्टरबाई मधून मधून "सिंक लांब पडतंय" किंवा "इथे पाय घसरणार" असं काहीतरी म्हणत, आणि दहातल्या सात वेळा त्यांचं बरोबर असे. उरलेल्या तीन वेळा नकाशेबाईने त्यांना का नाही ते समजावलं, आणि त्यांनी ते ऐकूनही घेतलं. संध्याकाळी पाचला काम संपलं. रेक्टरबाई सव्वापाचच्या बसने गेल्या. या वेळी बसथांब्यावर नकाशेबाई स्वतः सोडायला गेली.

शुक्रवारी कारखान्याच्या लांब टेबलाशी रुग्णालयाची माणसं बसली होती. त्यांच्या मुख्य आचाऱ्याने, एका जाडजूड, कमी बोलणाऱ्या माणसाने, पहिली सात चित्रं पुढे सरकवली आणि आठव्यावर थांबला. त्याने खिडकीवर बोट ठेवलं.

"हे कुणाला सुचलं?"

"आमच्या बाईंना," मालक अभिमानाने म्हणाले. "हुशार आहेत."

तिथेच गप्प बसता आलं असतं. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, आणि असं कौतुक तिच्या वाट्याला काही रोज येत नसे.

"माझ्या नणंदेला," ती म्हणाली. "त्यांनी बावीस वर्षं वसतिगृहाची खानावळ चालवली आहे."

आचाऱ्याने मान डोलावली. काम मिळालं. माणसं गेल्यावर मालक तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात शाळेच्या भोजनगृहाचं काम आहे. तुमच्या नणंदबाईंचा नंबर देऊन ठेवा. त्यांचं मत घेतलेलं बरं."

नकाशेबाईने कागद ओढला. लिहिताना एखादा आकडा चुकवावा असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिने दहाही आकडे बरोबर लिहिले, आणि मालकांना सांगितलं, "सकाळी नऊच्या आधी फोन करू नका. त्या रागावतात."