गंगाधरचा काळा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. दादरच्या एका हॉलमध्ये जुन्या सिनेमांचं प्रदर्शन भरलंय, तिथे काचेच्या पेटीत मला ठेवलंय. परवापर्यंत माझ्याखाली पाटी होती : ‘खुनी गंगाधरचा अस्सल कोट’. ती पाटी धडधडीत खोटी होती.

गंगाधर परळच्या गिरणीत विणकर होता. स्वतःच्या लग्नासाठी त्याने मला गिरगावातल्या शिंप्याकडून शिवून घेतलं आणि पुढे फक्त सणासुदीला घातलं. १९५६ साली गिरणीमागच्या गल्लीत एका मुकादमाचा खून झाला. काळ्या कोटातला माणूस पळताना दिसला, असं कोणीतरी सांगितलं. तेवढ्यावर पोलिसांनी गंगाधरला धरलं आणि मलाही पुरावा म्हणून नेलं. कोर्टात साक्षीदाराने कबूल केलं, की चेहरा त्याने पाहिलाच नव्हता. सात महिन्यांनी गंगाधर निर्दोष सुटला आणि मीही घरी परतलो.

मग सिनेमावाले चाळीत आले. “तुमच्यावरचा अन्याय लोकांना दाखवू,” म्हणाले. गंगाधरने मला नीट घडी करून त्यांच्या हाती दिलं.

आणि सिनेमात काय दाखवलं? मला घालून एका नटाने खून केला. त्याचं नावही गंगाधरच ठेवलं. सुरुवातीला मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सत्य घटनेवर आधारित’. अंधाऱ्या जिन्यांचं, भिंतीवरच्या सावल्यांचं केवढं कौतुक झालं! लालबागच्या थिएटरात लोकांनी माझ्या रुबाबावर शिट्ट्या मारल्या. पुढे कित्येक वर्षं मी एका ट्रंकेत पडून राहिलो. मला परत नेऊन द्यावं, असं कोणाला वाटलं नाही.

परवा गंगाधरची मुलगी कमल आली. आता तीच म्हातारी झालीय. सोबत तिची नात अनुजा होती. पाटी वाचून कमलने आयोजक हितेंद्रला बोलावलं.

“हा माझ्या बाबांचा कोट. ते निर्दोष सुटले होते.”

“आजी, पिक्चरमध्ये तो खुनीच आहे ना. लोक तेच बघायला येतात.”

“त्या पिक्चरनंतर शाळेत माझ्या बाजूला कोण बसत नव्हतं. बाबांनी चाळ बदलली, गिरणी बदलली. नाव मागे आलंच. तू अजून तेच लिहितोस?”

अनुजाने पिशवीतून निकालाची प्रत काढली. हितेंद्रने ती चाळली. “प्रदर्शन संपलं की बघतो,” तो म्हणाला.

“मग मी इथेच बसते.”

कमल खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. येईल त्याला सांगू लागली, “पाटी खोटी आहे. हा निकाल वाचा.” माणसं थांबून वाचू लागली. संध्याकाळी हितेंद्रने पाटी बदलली : ‘सिनेमात वापरलेला कोट’.

“एवढंच? पेन दे,” कमल म्हणाली. तिने खाली स्वतः लिहिलं : ‘हा गंगाधरचा कोट. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं.’

मित्रांनो, मला कसर लागू नये म्हणून पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवतात. माणसाचं नाव मात्र कोणी असं जपलं नाही, याचा मला संताप येतो. कोणालाही खुनी म्हणण्याआधी निकाल वाचत जा. सिनेमा अडीच तासांचा होता. गंगाधरचा निकाल अकरा पानांचा आहे.