मंगळाला लावलेला ‘द’

“द मार्स इज द रेड प्लॅनेट,” बाई म्हणाल्या आणि साउंडवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

“बाई, पुन्हा! अहो, मंगळाला ‘द’ नाही. नुसतं मार्स.”

“नुसतं मार्स,” बाई म्हणाल्या. “आणि सूर्याला?”

“त्याला हवा. द सन. तो मघाशी तुम्ही खाल्लात.”

“अगं बाई! खाल्ला होय?”

रेकॉर्डिंगचा हा चौथा दिवस. तारांगणाच्या घुमटामागे एक अडगळीची खोली होती. आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, आणि पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून तोही बंद. दोघं घामाने निथळत होते. साउंडवाला बिचारा सज्जन माणूस, पण त्याचाही जीव आता मेटाकुटीला आला होता.

आणि खरी गोष्ट अशी, की बाई वेड घेऊन पेडगावला निघाल्या होत्या. कुठे ‘द’ लावायचा न् कुठे नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांच्या थोरल्या बहिणीने उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात घालवला होता, आणि त्या शिकवण्याचं पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. सूर्य, चंद्र यांना ‘द’. शुक्र, मंगळ, गुरू, शनी यांना नाही. “ती नावं आहेत गं, नावाला कशाला ‘द’ लावतेस?” असं म्हणत ताईने पाठीत इतके धपाटे घातले होते, की चूक करायची म्हटली तरी आता ती आठवून करावी लागायची.

तरी करत होत्या. कारण तारांगणाच्या साहेबांनी गेल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं. आपल्या भाषेतलं आणि इंग्रजीतलं, दोन्ही रेकॉर्डिंग झालं की घुमटात बोलायला माणूस लागणार नाही. बाईंनी तिकीटखिडकीत बसायचं. आपल्या भाषेतलं एका सकाळीच आटोपलं होतं. राहिलं होतं इंग्रजी. ते होत नाही तोवर दुपारचे दोन खेळ बाईंचेच.

चोवीस वर्षं त्या घुमटात बोलत होत्या. हातातल्या दिव्याचा बाण फिरवत, समोरच्या पोरांची चुळबुळ ऐकत, कुठे थांबायचं न् कुठे गंमत करायची हे अंधारातच ओळखत. गुडघे गेले होते, घसा बसत होता, घरी गेल्यावर ताईशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नसे. तरीही घुमटातल्या त्या खुर्चीवरून उठायची त्यांची तयारी नव्हती.

“पुन्हा घेऊ?” साउंडवाला म्हणाला.

“घे बाबा.”

“सन इज अ स्टार,” बाई म्हणाल्या. साउंडवाल्याने मान खाली घातली.

तेवढ्यात दार ढकलून साहेब आत आले. पहिल्या दिवशी हेच साहेब “एकही चूक नको, मोठमोठ्या शाळा येतात, हसं होईल” म्हणून बजावून गेले होते. आज त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं आणि हात झटकला.

“राहू द्या हो आता. चालेल हेच.”

“साहेब, पण यात चुका आहेत,” साउंडवाला म्हणाला.

“कुणाला कळतंय! ‘द’ लागला काय, नाही लागला काय, ग्रह काय खाली पडणारेत? उद्यापासून हेच लावा. आणि बाई, उद्या दहाला खिडकीवर या.”

ते गेले. साउंडवाला वायरी गुंडाळायला लागला.

बाई बसून राहिल्या. खिडकीवर तर जायचंच होतं, आज ना उद्या. त्याचं फार नवल नव्हतं. पण हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता दररोज, वर्षानुवर्षं, त्यांच्याच आवाजात मंगळाला ‘द’ लागणार. पोरं ते वहीत उतरवून घेणार, आणि कुठल्यातरी वर्गात त्यावरून मार खाणार. करायला गेले काय न् झालं काय! बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

“सोड त्या वायरी,” त्या म्हणाल्या. “एकदा घे.”

“बाई, झालंय आता. दमलात, घरी जा.”

“घे म्हणते ना.”

त्याने माइक सुरू केला. बाईंनी कागद उलटा ठेवला, पाणी प्यायल्या आणि बोलायला लागल्या. सूर्यापासून थेट शनीपर्यंत. बावीस मिनिटं. एक ‘द’ गळला नाही, एक जास्तीचा आला नाही. घसा दोनदा चिरकला, तेवढंच.

साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढले.

“म्हणजे तुम्हाला येत होतं.”

“येत होतं.”

“मग चार दिवस माझ्या डोक्याला ताप कशाला दिलात, बाई?”

“चुकलंच माझं. माफ कर बाबा,” बाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पदराने टिपले. “पण चार दिवसांत आठ खेळ झाले रे माझे.”