अल्बिना आजीच्या टपालपेटीचे लाल निशाण

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एका लांब, सरळ रस्त्याच्या कडेला एका पायावर उभे आहात. ऊन असो, गारा पडोत, जागचे हलायचे नाही. पोटात कागद भरलेले. उजव्या बाजूला एकच हात, तोही दुसऱ्याने वर केला तरच वर जाणारा. तुम्हाला सगळे दिसते, सगळे ऐकू येते, पण बोलता मात्र येत नाही. जमले? मग तुम्ही जवळजवळ माझ्यासारखेच झालात.

मी एक जुनी टपालपेटी आहे. टेक्ससमधल्या एका शेतरस्त्यावर, कुबेनांच्या फाटकाशी मी साठ वर्षे उभी आहे.

जन्माने मात्र मी पेटी नव्हते. मी होते दुधाचा कॅन. अलोइस कुबेना रोज पहाटे गाईंचे दूध माझ्यात ओतून डेअरीला नेत असे. पुढे डेअरीचा टँकर दारोदार फिरू लागला, माझे काम संपले आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात पालथी पडले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले. एके दिवशी अलोइस मला भंगारात द्यायला निघाला, तेव्हा त्याची नवी नवरी अल्बिना कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"एवढा जाड पत्रा भंगारात? तुमच्या डोक्यात भुसा भरलाय का?"

अलोइस हसला. त्याने मला आडवी केली, पुढे झाकण बसवले आणि नांगराच्या जुन्या साखळीच्या कड्या एकावर एक जोडून माझा खांब केला. मोडक्या कुदळीच्या पात्याला लाल रंग देऊन त्याने माझ्या उजव्या अंगाला निशाण लावले. कुशीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत नाव लिहिले : कुबेना. त्या दिवशी मला दुसरा जन्म मिळाला.

आमच्याकडे ज्याला पत्र पाठवायचे असते, तो ते पेटीत ठेवतो आणि निशाण उभे करतो. टपालवाला लांबूनच निशाण पाहतो, गाडी थांबवतो, पत्र घेतो आणि निशाण पाडतो. उभे निशाण म्हणजे : थांब, इथे न्यायला काहीतरी आहे. आमच्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते.

माझ्या पोटातून काय काय गेले म्हणून सांगू! बियाण्यांच्या रंगीत याद्या, अल्बिनाच्या बहिणीची लांबलचक पत्रे, लग्नांची आमंत्रणे, मयताच्या चिठ्ठ्या. नाताळात टपालवाल्यासाठी गरम कोलाचीही असत. मधोमध खसखशीचे सारण भरलेले ते मऊ, गोल पाव. त्या वासाने माझा पत्रासुद्धा सुखावत असे. येणारेजाणारे गाडी थांबवून म्हणत, "वा, काय पेटी आहे!" मला फार बरे वाटे.

त्या दोघांना मूलबाळ नव्हते. अलोइस गेला तेव्हा अल्बिना ऐंशीची होती. घर, चाळीस एकर रान आणि अलोइसने लग्नाच्या वर्षी लावलेली पिकानची झाडे, पिकान म्हणजे अक्रोडासारखे फळ, एवढाच तिचा गोतावळा. टपालवाला वेंडेल तेव्हा तिला म्हणाला, "अल्बिनामावशी, आता एकट्या राहणार तुम्ही. पत्र असो नसो, रोज सकाळी निशाण उभं करत जा. ते दिसलं की मी समजेन, म्हातारी उठली."

"म्हातारी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या टकलापेक्षा माझ्या डोक्यावर केस जास्त आहेत!"

पण दुसऱ्या दिवसापासून निशाण उभे राहू लागले. सकाळी पावणेसातला ती ऐंशी पावले चालत येई आणि निशाण वर करी. ते 'कर्रर्र' वाजे. पुढे समोरच्या घरातली नायेली शाळेत जाऊ लागली, तेव्हापासून ती माझ्यापाशी शाळेच्या पिवळ्या बसची वाट बघत उभी असे. तिला आजीकडून रोज एक कोलाची मिळे. त्या बदल्यात नायेली तिला शाळेतल्या भानगडी सांगे. आजीचे त्यावरचे मत बहुधा एकच असे : "तुझ्या बाईंचं चुकलंच."

अशी आठ वर्षे गेली. मग एका वसंतात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि आजीचे छप्पर फुटले.

तेव्हा अलोइसचा पुतण्या डॅरेल आला. त्याने छप्पर शाकारले, कुंपण नीट केले आणि मग मागच्या खोलीत मुक्कामच ठोकला. "काकू, आता तुम्ही काही करायचं नाही. मी आहे ना!" असे तो रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे. एका रविवारी त्याने मला झकास हिरवा रंग दिला. चर्चहून परतणारे लोक म्हणाले, "पुतण्या असावा तर असा!" खोटे कशाला सांगू, मित्रांनो, मीही फुगले होते. नव्या रंगाखाली माझे नाव झाकले गेले, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी आजी आली आणि तिने निशाण ओढले. ते हलेना. सांध्यात रंग वाळून ते घट्ट चिकटले होते.

"डॅरेल, हे जरा मोकळं करून दे रे."

"राहू दे हो, काकू. इतक्या लांब येऊन पडलात म्हणजे? टपाल मी आणत जाईन."

ती परत वळली, त्यानंतर माझ्याकडे आलीच नाही.

मग माझे पोट रिकामे राहू लागले. बँकेची पत्रे यायची थांबली, बहिणीची पत्रेही थांबली. उरल्या फक्त दुकानांच्या जाहिराती. एकदा वेंडेलने डॅरेलला विचारले, "मावशी दिसत नाहीत हल्ली?"

डॅरेलने कपाळावर बोट टेकवले. "इथून गेलीय. काही म्हणजे काही आठवत नाही तिला. शहरातल्या वृद्धाश्रमात नेतोय, म्हणून टपालाचा पत्ताही बदलून घेतला."

"फार पुण्याचं काम करतोस बाबा," वेंडेल म्हणाला आणि गाडी पुढे नेली. भला माणूस, पण त्याला माझ्याच रंगाने फसवले होते.

नायेलीला मात्र रंगाशी काही देणेघेणे नव्हते. तिला आजी हवी होती. बसची वाट बघताना ती घराच्या खिडकीकडे टक लावून बघे. एके सकाळी तिला आणि मला एकदमच दिसले : स्वयंपाकघराच्या खिडकीत आजी उभी होती आणि तिने उजवा हात कोपरापासून ताठ वर केला होता. तो हलत नव्हता. कोणाला टाटा करणारा हात तो नव्हताच. मागून डॅरेल येताच तो हात झटकन खाली गेला.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी त्या ताठ हातात पांढरे पाकीट होते.

नायेली माझ्याकडे वळली. तिने माझे चिकटलेले निशाण पाहिले, पुन्हा खिडकी पाहिली, आणि तिचे तोंड उघडेच राहिले.

घरी आईला सांगितले तर आई म्हणाली, "लोकांच्या घरात नाक खुपसू नये, बाळ. त्यांचं ते बघतील." मला नायेली आतून ओरडलेली ऐकू आली : "पण ते बघत नाहीयेत ना!"

शनिवारी शाळा नव्हती. नायेली दहा वाजल्यापासून माझ्या खांबाशी मांडी घालून बसली होती. वेंडेलची गाडी येताच ती आडवीच गेली.

"अगं ए पोरी, मरायचंय का?"

"वेंडेलकाका, आजीला पत्र पाठवायचंय."

"तिला आता काही आठवत नाही गं, राजा."

"तिला निशाण आठवतं! ती खिडकीत स्वतःच निशाण होते. हातात पाकीट धरून. आणि तो काका आला की हात खाली करते. विसरलेलं माणूस असं करेल?"

वेंडेलने इंजिन बंद केले. तो बराच वेळ माझ्याकडे, माझ्या चिकटलेल्या निशाणाकडे बघत राहिला.

"आठ वर्षं रोज सकाळी बघत आलो," तो पुटपुटला, "आणि नाहीसं झालं तेव्हा बघितलं नाही. गाढव आहे मी."

त्याने तिथेच गाडीत बसून फोन लावला. आमच्याकडे सरकारचे एक खाते आहे. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसांना कोणी लुबाडत असेल, छळत असेल, तर ते लोक येऊन चौकशी करतात. त्याला प्रौढ संरक्षण खाते म्हणतात.

मंगळवारी एक निळी गाडी माझ्यासमोरून सरळ पुढे गेली, मग मागे आली. माझ्यावर नाव नव्हते ना! गाडीतून उतरल्या त्या खात्याच्या गेन्सबाई. बुटक्या, जाडजूड, हातात वही. त्या घरापाशी गेल्या. वाऱ्यावर मला डॅरेलचा आवाज येत होता : "झोपलीय ती. काय विचारायचं ते मला विचारा."

थोड्या वेळाने दार उघडले आणि दोघी बाहेर आल्या. आजी पार वाळली होती. डॅरेल मागे निघाला, तशा गेन्सबाई वळल्या.

"तुम्ही ओसरीवरच बसा. ह्यांना टपालपेटीपर्यंत चालायचंय, आणि आम्हा दोघींना पुरुषमाणसाची सोबत लागत नाही."

ऐंशी पावलांना त्यांना दहा मिनिटे लागली. आजीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मित्रांनो, किती महिन्यांनी!

"आज वार कोणता, अल्बिनाबाई?" गेन्सबाईंनी सहज विचारले.

"मंगळवार. तुमच्या मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. आणि मी वेडी नाही."

गेन्सबाईंना हसू आले. "दिसतंय मला. मग काय झालंय ते सांगा."

आजीने ओसरीकडे वळून पाहिले. "सांगितलं तर तुम्ही मला वृद्धाश्रमात टाकाल. तो म्हणतो, सरकारी माणसं आली की हेच करतात."

"मी तुम्हाला विचारायला आलेय. न्यायला नाही. तुमच्या मर्जीशिवाय मी काही करणार नाही. तुम्ही 'जा' म्हणालात तर जाईन. आता सांगा, तुम्हाला काय हवंय?"

आजीने डोळे पुसले आणि मग बांध फुटावा तशी बोलत सुटली. गारांच्या नुकसानभरपाईचे कागद म्हणून डॅरेलने सह्या घेतल्या, ते निघाले मुखत्यारपत्र. खात्यातून पैसे जाऊ लागले. अलोइसचा ट्रक विकला गेला. फोन काढून टाकला. परवा दोन माणसे फीत घेऊन पिकानच्या झाडांमधून जमीन मोजत होती. "मी विचारलं, तर म्हणतो, तुम्हीच विकायला सांगितलीत, विसरलात! इतकं म्हणाला, इतकं म्हणाला, की मलाच वाटायला लागलं, माझंच चुकतं की काय. शुक्रवारी विक्री आहे. पण तो अलोइसच्या रक्ताचा. घरचं उघडं कसं करायचं?"

"झाकलेलं आंबतं, अल्बिनाबाई. आणि लाज त्याला वाटायला हवी. तुम्ही कशाला मान खाली घालता?"

आजीने ॲप्रनच्या खिशातून चुरगळलेले पाकीट काढले. त्यावर वेंडेलचे नाव होते. आत एकच ओळ होती, ती गेन्सबाईंनी वाचली : 'वेंडेल, मला माझं घर सोडायचं नाही.'

"एवढं पुरे," गेन्सबाई म्हणाल्या.

त्यानंतर माझ्यासमोरून इतक्या गाड्या गेल्या की धुळीने मी तपकिरी झाले. बँकेने खाते गोठवले. वकील आला आणि आजीने मुखत्यारपत्र रद्द केले. गुरुवारी दुपारी विक्री थांबल्याचा निरोप आला. शुक्रवारी शेरीफच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाने कोर्टाचा हुकूम दाखवला आणि डॅरेल आपले सामान घेऊन माझ्यासमोरून गेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याचा खटला अजून चालू आहे. गेलेले सगळे पैसे परत आले नाहीत. ट्रकही गेला तो गेलाच. "गेला तर गेला," आजी म्हणाली, "त्याला ब्रेक कुठे धड होते? झाडं राहिली ना!" त्या रात्री ती गाढ झोपली, असे तिने दुसऱ्या दिवशी वेंडेलला तीनदा सांगितले. नायेलीची आई कोंबडीचे सूप घेऊन गेली आणि बराच वेळ आजीचा हात धरून बसली.

मित्रांनो, मी पत्र्याची. मला सगळे दिसत होते, पण सांगता येत नव्हते. तुम्हाला तोंड आहे. तुमच्या ओळखीची एखादी आजी, एखादे आजोबा अचानक दिसेनासे झाले, तर विचारा. कोणी म्हणेल, आपल्याला काय करायचंय? मग दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगा, नाहीतर तिसऱ्याला. आणि जुन्या वस्तूला रंग जरूर द्या, पण आधी तिचे सांधे मोकळे आहेत ना, ते बघा. तिचे नाव पुसू नका. माणसांचेही तसेच असते.

आता डॅरेल गेल्यानंतरच्या सोमवारची गोष्ट तेवढी सांगते. पावणेसातला आजी काठी टेकत आली. नायेली आधीच हजर होती. तिच्या हातात वडिलांचा गंजका खिळा होता. तिने माझ्या सांध्यातला हिरवा रंग टोकरून टोकरून काढला. मग आजीने निशाण ओढले. ते निम्मे उठून अडकले. नायेलीने खालून आपला हात लावला.

कर्रर्र.

"हं, आता जा," आजी म्हणाली. "बस आली. आणि ही घे, आज जर्दाळूची आहे."

बसचा चालक ओरडत होता, "नायेली, चढतेस की जाऊ?" ती पायऱ्या चढली. बस हलली. ती मधल्या वाटेने धावत सगळ्यात मागच्या काचेशी गेली, कोलाची दातांत धरली आणि उजवा हात कोपरापासून ताठ वर केला. रस्त्याच्या वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.