वाटाण्याच्या वाफ्यातली संगीन

मी संगीन बोलतेय. दचकू नका, टोक केव्हाच बोथटलंय. अंगाला ओली माती आहे आणि मी मजेत आहे. रडगाणं ऐकायला आला असाल तर आत्ताच उठा.

आमच्या घराण्याची सुरुवात मूर्खपणातून झाली. माझ्या खापरपणजीला लाकडी मूठ होती, आणि ती मूठ बंदुकीच्या तोंडात बुचासारखी ठोकून बसवायचे. झाला भाला! पण नळीला बूच मारल्यावर गोळी सुटणार कुठून? शत्रू अंगावर यायचा आणि शिपाई बूच उपटत शिव्या देत बसायचा. बरीच वर्षं हे असंच चाललं. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. त्याने पात्याला वाकडी मान काढली आणि तिच्या बुडाशी पोकळ नळकांडं जोडलं. ते बंदुकीच्या तोंडावर बाहेरून चढवायचं, खाचेत फिरवून अडकवायचं. पातं बाजूला, नळी मोकळी. मी त्या पिढीतली. तीन कडांची, लांबलचक.

मला घडवणारा लोहार भलता तिरसट. बंदूक समोर ठेवून तो माझं नळकांडं आतून कानशीने घासायचा, चढवून बघायचा, स्वतःलाच शिवी हासडायचा, पुन्हा घासायचा. त्या काळी दोन बंदुका सारख्या नसायच्या. जिच्या मापाने घासली, संगीन तिचीच. दुसरीवर ती एक तर खुळखुळायची, नाही तर चढायचीच नाही.

लढाया पाहिल्या. त्यांच्या फुशारक्या मारणारे पुष्कळ आहेत, मी त्यात नाही. खरं सांगू? माझा शिपाई रोज संध्याकाळी मला टोकावर जमिनीत खुपसायचा, नळकांड्यात मेणबत्ती उभी करायचा आणि भोवती पत्त्यांचा डाव मांडायचा. कधी मांस भाजायचा, कधी ओले मोजे वाळत टाकायचा. मोज्यांच्या वासाबद्दल न बोललेलं बरं.

नंतर मागच्या बाजूने भरायच्या बंदुका आल्या. गोळ्या भराभर सुटायला लागल्या, तशा संगिनी आखूड होत गेल्या. आता नातवंडं बघा: वीतभर सुरी, खटका दाबला की बसली! सगळ्या यंत्रावर घडलेल्या, कुठलीही कुठल्याही बंदुकीवर चढते. असो. माझी बंदूक वितळवली, मी भंगारात पडले. तिथून एका म्हाताऱ्याने मला उचललं आणि बागेत आणलं. आता त्याची सून माझी मालकीण आहे. सगळे तिला ताई म्हणतात. ती मला घेऊन वाफे उकरते, गवत काढते. उन्हात पडून राहायचं, पाणी प्यायचं. म्हातारपण असावं तर असं.

पण ताईला एक धाकटा भाऊ आहे. सैन्यात जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या, आता घरी बसलाय. त्याच्या भिंतीवर तोंडाकडून भरायची एक जुनी बंदूक आहे, संगिनीवाचून बोडकी. एक दिवस त्याने मला पाहिलं.

"अगं ताई, ही संगीन आहे! अर्धं आयुष्य शोधतोय मी, आणि तू हिने गवत काढतेस?"

"मग काय काढू, माणसं?"

गडी एवढा हरखला की मला लावून बघायच्या आधीच त्याने रविवारी सैन्यातल्या जुन्या दोस्तांना बोलावलं. 'जोडी जमली, बघायला या!' आणि लावायला गेला तर मी चढेचना. त्याने तेल घातलं, जोर लावला, माझ्या घराण्याचा उद्धार केला. शेवटी मला लोखंडी पकडीत आवळून कानस उचलली.

माझं पाणी पाणी झालं. एकदा घासलं की कायमची भिंतीवर. ना ऊन, ना माती, आणि खाली परक्या बंदुकीचं थोबाड.

ताई दारात उभी. "चढत नाही ना?"

"न चढून सांगते कुणाला! तो बहिरा तोफवाला वर्षभर चिडवेल मला."

"मग घास. पण वाटाण्याचा वाफा अर्धा राहिलाय, तो तू नखांनी उकरायचास."

त्याने चष्मा लावून नळकांड्यात डोळा घातला. आतून बोट फिरवलं. मग म्हणाला, "ताई, आत कानशीच्या खुणा आहेत गं. कुणीतरी केसाकेसाने बसवलीय हिला. किती वेळ घेतला असेल मेल्याने!"

"मग?"

"मग काय मग? मी नाही पुसणार त्या." आणि पकड सैल केली.

रविवारी चौघे आले. बोडकी बंदूक पाहून तोफवाला एवढा हसला की त्याची कवळी सुटली.

"संगीन कुठाय रे?"

"कामावर गेलीय. चला दाखवतो!" भाऊ त्याच्या कानात ओरडला.

सगळी वरात बागेत. मला कसं धरायचं यावर आधी भांडण, मग खणायला पाळी लावली. गवतासोबत ताईची निम्मी रोपं उपटली. ताईने त्यांना असं झापलं की पाचही म्हातारे एका रांगेत ताठ उभे! तेव्हापासून ते दर रविवारी येतात.

तुमच्या भिंतीवर माझी एखादी बहीण लटकत असेल, तर उतरवा तिला. फार घासूपुसू नका, काम द्या. चला, आता बाजूला व्हा. तोफवाल्याने मला उचललंय, आणि त्याला अजून वाटाणा ओळखता येत नाही.