कोरडं बोट

"अजून थोडा मोठा करा. आणि वर घ्या हो, कुंकू कोणी भुवईवर लावतं का?"

रत्नाकरराव खुर्चीची पाठ धरून मागे उभे होते आणि वाकून वाकून संगणकाच्या पडद्याला बोट लावत होते. जानकीने माउस सरकवला. पडद्यावर रेवाचं कपाळ होतं, मोठं करून तळहाताएवढं झालेलं. त्या कपाळावर ती लाल ठिपका बसवत होती. एकदा बसवला, तो नाकाच्या शेंड्यावर गेला. पुन्हा बसवला.

"हां. आता कसं! असाच बाकीच्या चौघींना लावून टाका."

"रत्नाकरराव, हे खोटं आहे."

"खोटं कसलं त्यात? हळदीकुंकू झालं की नाही? झालं. त्या आल्या की नाही? आल्या. फोटोत उमटलं नाही, एवढंच."

उमटलं नाही! जानकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो तिने स्वतः काढले होते. झाशीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या बाकी सगळ्या बायकांची कपाळं त्यांत लालभडक उमटली होती, भिंतीवरच्या गणपतीचं गंधसुद्धा उमटलं होतं, आणि नेमकं या पाच जणींचंच कुंकू कॅमेऱ्याने गाळलं म्हणे.

सकाळी सरकारी कचेरीतून फोन आला होता. तिथल्या बाबूने अहवाल वाचून विचारलं होतं, "सर, रिपोर्ट में लिखा है महिलाओं ने तिलक लगाकर सम्मान किया। फोटो में तो माथा कोरा है।" उद्या दुपारी बारापर्यंत नीट फोटो चढवा, नाहीतर दुसरा हप्ता या वर्षी विसरा, असंही त्याने सांगितलं होतं.

"उद्या सकाळी करते," जानकी म्हणाली आणि संगणक बंद केला. "डोळे दुखतायत."

"बारा म्हणजे बारा हं, जानकीताई. मंडळाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

मंडळाच्या इभ्रतीचं तिला काही पडलं नव्हतं. प्रश्न होता दतिया गेटजवळच्या एका खोलीचा.

ती खोली रेवाची. रेवा याच मंडळात वाढलेली. रेल्वेतल्या शिवाजीराव गार्डांचं लेकरू, दर गणपतीत श्लोक म्हणून बक्षीस घेणारं. एकोणिसाव्या वर्षी तिने घरात सांगितलं, की मी मुलगा नाही, मुलगी आहे. शिवाजीरावांनी त्याच दुपारी तिची बॅग फाटकाबाहेर ठेवली. निवृत्त होऊन ते नागपूरला गेले, रेवा झाशीतच राहिली. दहा वर्षांनी तिने ही खोली घेतली. घरातून हाकललेल्यांसाठी चार खाटा आणि रात्रंदिवस वाजणारा एक फोन. समलैंगिक आणि तृतीयपंथी माणसांबद्दलचा द्वेष कमी करणाऱ्या कामांना सरकार पैसे देतंय, हे वर्तमानपत्रात वाचून ती जानकीकडे आली होती. पण नियम असा, की संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी. रेवाचा गट दीड वर्षाचा आणि मंडळ साठ वर्षांचं. तेव्हा अर्ज मंडळाच्या नावाने गेला आणि तो जानकीनेच लिहिला. रेल्वेच्या कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेली बाई, तिला अर्जाची भाषा येत होती. पहिल्या हप्त्यात रेवाची खोली चालली, आणि मंडळाच्या हॉलला नवे ध्वनिवर्धक बसले. दुसरा हप्ता आला नाही, तर घरमालक एक तारखेला खोलीला कुलूप घालणार होता.

आणि काम काय केलं मंडळाने? तर हळदीकुंकू! रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी, मोठा बॅनर लावून. रेवा आणि तिच्या चार मैत्रिणी नव्या साड्या नेसून वेळेच्या आधी अर्धा तास येऊन बसल्या होत्या. त्यांना दुसऱ्या रांगेत, कडेला जागा मिळाली. तिघी जणींनी रेवाला तिच्या जुन्या नावाने हाक मारली आणि तोंडावर पदर धरून हसल्या. बाकीच्यांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या हातात दिल्या, या पाच जणींच्या वाट्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून खुर्च्यांवर ठेवून दिल्या.

मग रत्नाकररावांच्या बायकोने, मधूताईंनी, पैठणीचा पदर सावरत सांगितलं, "चला, फोटो घेऊन टाकू."

फोटोचं काम जानकीकडे. नवरा, गजानन, गेल्यापासून आठ वर्षं तेच. विधवांनाही बोलवायचं, आपण काही जुन्या वळणाचे नाही, असं मंडळाने ठरवलं होतं. बोलवायचं आणि हातात मोबाइल द्यायचा, म्हणजे करंडा तिच्यापाशी थांबला नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. तर मोबाइलमधून तिला स्वच्छ दिसलं. मधूताईंनी बोट करंड्यात बुडवलंच नव्हतं. कोरडं बोट त्यांनी रेवाच्या कपाळाकडे नेलं आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबवलं. फोटो होईपर्यंत तिथेच धरलं. मग पुढची, मग तिच्या पुढची. पाच फोटो, पाच कोरी कपाळं.

घरी येऊन जानकीने कपाट उघडलं, तळाशी ठेवलेला आपला चांदीचा करंडा काढला, कुंकू घातलं आणि पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली. बॅटरी रिक्षावाल्याने विचारलं, "किते जाने, अम्मा?" तर ती त्याच्यावरच खेकसली. वाटेत तिचं मनाशी सगळं ठरलं. खरं कुंकू लावायचं, खरा फोटो काढायचा, तोच पाठवायचा. त्या मधूच्या नाकावर टिच्चून पाठवायचा. जिन्याच्या पायऱ्या तिने गुडघ्यांची तक्रार न ऐकता चढल्या.

वर रेवा स्टोव्हपाशी खिचडी ढवळत होती. कोपऱ्यातल्या खाटेवर कश्मिरा भिंतीकडे तोंड करून निजली होती. ही बरुआसागरची, बावीस वर्षांची. हिचं मैत्रिणीवर प्रेम आहे हे कळल्यावर भावांनी हात मोडला होता; प्लास्टर अजून पांढरं होतं.

"काकू? आत्ता? बसा ना." रेवाने खुर्चीवरचे कपडे उचलले.

जानकी बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. बाबूचा फोन, लाल ठिपका, रत्नाकररावांचं "उमटलं नाही". सांगताना तिचा आवाज चढत गेला, तसा रेवाने स्टोव्ह बारीक केला.

"म्हणून मी हे आणलंय." जानकीने करंडा काढला. "तुझ्या मैत्रिणींना बोलव. मी लावते खरं कुंकू, पाचही जणींना. कश्मिराला सांग चांगल्या हाताने फोटो काढायला. उगाच खोटं कशाला पाठवायचं?"

रेवाने करंड्याकडे पाहिलं. हात पदराला पुसले. पण पुढे आली नाही.

"रिपोर्ट में क्या लिखा है, काकू? मंडळाच्या सुवासिनींनी सन्मान केला. तुम्ही सुवासिनी आहात?"

जानकीने करंडा मागे घेतला.

"बुरा मत मानिए. मला तुम्ही चालता. पण त्या बाबूला तो हॉल पाहिजे, बॅनर पाहिजे, मधूताईची पैठणी पाहिजे. या खोलीचा फोटो तो काय करणार?"

"अगं, पण मला त्या बाईचा इतका संताप आलाय रेवा, की तिचं ते बोट…"

"तुम्हाला दिसलं होतं ना, काकू? बोट सूखा होता ते. तेव्हाच?"

"दिसलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात, आठवते?"

जानकीला आठवेना. खरंच आठवेना.

"'रेवा, जरा हस.'" रेवाने तिचा आवाज हुबेहूब काढला, मंडळातला तो गोड आवाज. "मी हसले. फोटो बघा तुमच्या मोबाइलमध्ये. पाचों में हँस रही हूँ मैं, दुसऱ्यांच्या फोटोत मागे उभी राहून पण."

जानकीने काही मोबाइल काढला नाही. सकाळपासून मधूताईंच्या नावाने बोटं मोडत होती ती, आणि या पोरीने अवघ्या तीन शब्दांत तिला मधूताईंच्या शेजारी नेऊन उभं केलं. आणि काय चूक होतं त्यात? एक शब्द बोलली असती ती त्या दिवशी. मधूताई, कुंकू राहिलं, एवढंच. त्याला काय धाडस लागत होतं? पण नाही. मूग गिळून बसली आणि वर त्या पोरीला म्हणाली, हस!

फोन वाजला. रेवाने चमचा टाकून तो उचलला आणि तिचा आवाजच बदलला. "हाँ, बोलो बेटा, सुन रही हूँ. अभी कहाँ हो? बाहर निकल पाओगे? … नहीं, रोना बाद में. पहले बैग में कागज़ रखो अपने." बराच वेळ ती बोलत होती. जानकी करंडा हातात धरून उभी होती. त्याचं झाकण कसं लावायचं तेही तिला सुचत नव्हतं.

"गुरसरायवरून येतेय एक, उद्याच्या बसने," फोन ठेवून रेवा म्हणाली. "काकू, तुम्ही ठिपका लावा. पाचही जणींना लावा. चांगला मोठा लावा. बारा के पहले भेज दो. मला पण राग येतो, खूप येतो. पण खोली गेली, तर ही मुलगी उतरून कुठे जाणार?"

खिचडीचा वास सुटला होता. जेवून जा, असं रेवा म्हणाली. जानकी नको म्हणाली आणि कठडा धरत एकेक पायरी खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी ती दहालाच मंडळाच्या कचेरीत येऊन बसली. पाच कपाळांवर पाच ठिपके लावले, नीट, गोल, मध्यभागी. मग मधूताईंच्या बोटाच्या टोकालाही लाल रंग दिला. सन्मान करणारं बोट कोरडं दिसून कसं चालेल?

रत्नाकरराव साडेअकराला आले. फोटो पाहून खूश झाले.

"वा! कोणाला शंकासुद्धा येणार नाही. मधूला दाखवतो. चला, पाठवा."

"दुसरा भाग भरायचा राहिलाय."

"तो कसला?"

तिने मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या टप्प्यात ज्यांचं प्रबोधन करायचं, अशा पंचवीस व्यक्तींची नावं, पत्ते आणि मोबाइल नंबर हवे होते. समलैंगिक आणि तृतीयपंथी व्यक्तींबद्दल मनात तीव्र पूर्वग्रह असलेल्या व्यक्ती. त्यांचे बारा शनिवार वर्ग होणार, हजेरी अंगठ्याची, शिकवणार रेवाचा गट. यादी एकदा गेली की बदलता येणार नाही आणि प्रत्येकाच्या घरी सरकारी पत्र जाणार.

"अहो, मग टाका की त्या लाइनीपलीकडच्या वस्तीतली कुठली तरी. आमच्या कामवालीला विचारा, ती देईल वीसपंचवीस नावं. फार अज्ञान आहे हो त्या लोकांत." एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला आणि ते खिडकीशी गेले. मंडळाची ओरछ्याची सहल ठरत होती. "हाँ भैया, बस एसी वाली ही चाहिए. लेडीज़ हैं साथ में."

जानकीने दुसरी फाइल उघडली. मंडळाच्या सभासदांची यादी, नाव, पत्ता, मोबाइल, सगळं तिनेच टाइप केलेलं. तिचा हात तीस वर्षांच्या सवयीने चालू लागला. पहिलं नाव घातलं : जानकी गजानन सोमण. दुसरं : मधू रत्नाकर धामणकर. तिसरं : रत्नाकर धामणकर. मग रेवाला जुन्या नावाने हाक मारणाऱ्या तिघी. मग वाट्या पिशव्यांत भरणाऱ्या दोघी. मग कार्यकारिणी, अनुक्रमाने. पंचविसाव्या नावाला थांबावं लागलं, कारण रकाने संपले. माणसं अजून बरीच होती.

पूर्वग्रहाचं कारण, या रकान्यात तिने आपल्या नावापुढे लिहिलं, 'पाहिलं आणि गप्प राहिले.' रकाना ऐच्छिक होता, बाकीच्यांचा तिने मोकळा सोडला.

"रत्नाकरराव, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असेल."

ते फोन कानापासून दूर धरून डोळे बारीक करत वाचू लागले. "थांबा हं. चार… सात… सात… शून्य… दोन… नऊ. झालं?"

"झालं."

"गेलं एकदाचं?"

"गेलं. आता हप्ता यायला हरकत नाही."

"शाब्बास! तुम्ही आहात म्हणून मंडळ चाललंय, जानकीताई." त्यांनी पुन्हा फोन कानाला लावला. "हाँ भैया, तो फिर पक्का. शनिवार, सुबह सात बजे."

"शनिवार नको," जानकी संगणक बंद करत म्हणाली. "पुढचे बारा शनिवार मोकळे ठेवा."