केसाएवढी चीर

शुक्रवारी दुपारी अप्पा जेवून आडवे झाले, घोरायला लागले, आणि राणीने बाहेर येऊन गाडीचं बॉनेट उघडलं.

गल्लीत कुणी बघितलं असतं तरी नवल वाटलं नसतं. भीमरावांची धाकटी परत गाडीत तोंड घालून बसली, एवढंच म्हणाले असते. शाळा सुटल्यापासून तिला दुसरं काम तरी काय होतं? दहावीत गणिताच्या सरांनी भर वर्गात 'तुम्हा लोकांचं डोकं एवढंच' असं काहीतरी म्हटलं होतं. हिने उठून कंपासपेटी त्यांच्या टेबलावर अशी आपटली की आतलं कर्कटक उडून फळ्याला लागलं. त्यानंतर शाळेने बोलावलं नाही आणि हीही गेली नाही. घरात सगळे तिला टाकून बोलले. एक अप्पाच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात पाना दिला आणि म्हणाले, चल, ऑइल बदलायचंय.

गाडी म्हणजे पांढरी मारुती आठशे. अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते तेव्हा घेतलेली, तीही सेकंडहँड. तेव्हापासून तिने गॅरेजचं तोंड बघितलं नव्हतं. दर रविवारी दारातल्या कट्ट्यावर पेपर अंथरायचा, त्यावर हत्यारं मांडायची, आणि अप्पा बनियनवर गाडीखाली. वय झालेल्या गाडीचं रोज काही ना काही निघायचंच, पण अप्पांच्या हाताला ती ऐकायची. हुबळीत पोरंटोरं मोठमोठ्या गाड्या घेऊन फिरत होती, आणि आमचे भीमराव सिग्नलला उभे राहिले तरी इंजिनाचा आवाज शेजारच्याला ऐकू जात नाही, असं आई बायकांत सांगायची.

राणीने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. त्याच्या आत प्लास्टिकचा एक तुकडा असतो, गुळाच्या खड्याएवढा, त्याला रोटर म्हणतात. पंगतीत वाढपी फिरावा तसा तो फिरतो आणि एकेका प्लगला करंट वाढत जातो. त्याला चीर गेली की करंट मधेच खाली उतरतो आणि गाडी नुसती खाकरत राहते. ती आठवीत असताना असा एक चिरलेला रोटर अप्पांनी तिच्या तळहातावर ठेवून विचारलं होतं, सांग काय बिघडलंय. ती किती वेळ उलटसुलट करत होती. शेवटी अप्पांनी तो उन्हात तिरका धरून दाखवला, तेव्हा कुठं ती केसाएवढी चीर तिला दिसली. तो रोटर अप्पांनी फेकला नाही. ते काहीच फेकायचे नाहीत. नटबोल्टांच्या डब्यात तो पडून होता.

आज तिने तोच काढला, त्याची पितळी पट्टी घासून चकचकीत केली, आणि चांगला काढून त्या जागी हा बसवला. टोपी लावली. बॉनेट हळूच दाबून बंद केलं. चांगला रोटर चुडीदारच्या खिशात टाकला आणि घरात येऊन पाणी प्यायली.

कारण रविवारी अक्का जाणार होती. प्रीतीअक्काचं बाळंतपण माहेरी झालं होतं, बाळाचं नाव ठेवून झालं होतं, आणि आता तिला कलघटगीला सासरी पोचवायचं होतं. दीपकभावजी दोनदा फोनवर म्हणाले, मी येतो गाडी घेऊन. अप्पांनी नाही म्हणून सांगितलं. लग्नात लेक दुसऱ्यांच्या गाडीतून गेली, तेव्हा आपली बिघडलेली होती. आता नातीला मी माझ्या गाडीतून नेऊन दारात उतरवणार, हे त्यांनी सगळ्या वर्कशॉपच्या मित्रांना सांगून झालं होतं.

आणि अप्पांना दिसत नव्हतं.

हे फक्त राणीला माहीत होतं. महिन्यापूर्वी दोघं धारवाडहून परत येत होती. रायापूरजवळ एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन उजवीकडून रस्ता ओलांडत होती. एकदम समोर आली असं नव्हे, चांगली लांबून येत होती. राणीला वाटलं, अप्पा आता ब्रेक मारतील, आता मारतील. गाडी तशीच. शेवटी तिनेच हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली. ती बाई पेंढी टाकून पळाली आणि लांब उभी राहून कन्नडमधून शिव्या द्यायला लागली. अप्पा म्हणाले, दिसली होती मला. मग राणीवर चिडले, चालत्या गाडीत हँडब्रेकला हात लावतात का म्हणून. पण स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती, ते तिने बघितलं होतं.

त्या दिवसापासून ती बघतच राहिली. जेवताना उजवीकडं ठेवलेला तांब्या त्यांच्या कोपराने सांडायचा. कुणी उजवीकडून बोललं तर अप्पा सगळी मान वळवायचे. चहा ओतताना कपात बोट धरायचे. गल्लीत कुणी हात केला तर कधी ओळख द्यायचे, कधी सरळ निघून जायचे, आणि लोक म्हणायचे, भीमराव हल्ली मोठे झाले.

तिने आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, तिने हात थांबवला नाही. "तुला घरात कुणाचं चांगलं बघवत नाही काय गं? पोरगी पहिल्यांदा बाळ घेऊन चालली, आणि तू असलं तोंडातून काढतेस. अक्काच्या कानावर घातलंस तर बघ, ओली बाळंतीण आहे ती. सुम्म बस." राणी गप्प बसली नाही, भांडली, पातेल्यावरची ताटली भिरकावली, आणि त्यामुळे आईचंच खरं झालं. तापट पोरीचं बोलणं. उद्या विसरेल.

म्हणून रोटर. गाडी चालू झाली नाही म्हणजे भावजींना बोलवावं लागेल, झालं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात आणखी एक होतं. वाटत होतं, अप्पा टोपी उघडतील, रोटर उन्हात धरतील, आणि एका फटक्यात ओळखतील. मग तिला कानफटात बसेल. बसू दे. म्हणजे अप्पांना दिसतंय, रायापूरला चुकलं ते तिचंच, अप्पांचं नाही.

शनिवारी सकाळी अप्पांनी चावी फिरवली. गाडी खाकरली आणि गप्प झाली. अप्पा हसले. "रुसली. सासरी जायचं म्हटल्यावर रुसणारच." मग पेपर अंथरला, हत्यारं मांडली. पेट्रोल येतंय का बघितलं, येत होतं. प्लग काढले, पुसले. कॉइलची वायर काढून स्पार्क बघितला, खणखणीत होता. मग त्यांनी टोपी उघडली. राणी पलीकडच्या बाजूला मडगार्डला टेकून उभी होती. अप्पांनी रोटर उपसला, धोतराच्या फडक्याने पुसला, उन्हात धरला. तिरका धरला, अगदी तसाच. इकडून बघितला, तिकडून बघितला. सकाळचं ऊन त्या चिरेवर असं पडलं होतं की राणीला ती चार हातांवरून दिसत होती.

"रोटर चांगला आहे," अप्पा म्हणाले आणि परत बसवला.

राणी घरात गेली आणि न्हाणीघराचं दार लावून उभी राहिली. रडू आलं नाही.

शनिवारचा उरलेला दिवस तिला बघवला नाही. अप्पांनी कार्ब्युरेटर खोलला, धुतला, जोडला. बाजारात जाऊन नवी टोपी आणली, घातली. शेजारच्याकडून कॉइल आणून लावून बघितली. प्रत्येक वेळी मोठ्या आशेने आत बसायचे, चावी फिरवायचे, आणि गाडी खाकरायची. दुपारचं जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांची थट्टा बंद झाली होती. पाना हातातून निसटून गाडीखाली गेला तर ते चाचपत राहिले, तो त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशीच पडला होता. राणीने उचलून दिला. त्यांनी बघितलं नाही तिच्याकडं. कट्ट्यावर बसले आणि आपले हात पुढं करून बघत राहिले, काळे, तेलकट. म्हणाले, "हात गेला गं राणे. एवढी वर्षं रेल्वेच्या डब्यांच्या खाली काढली, आणि आता एक आठशे सापडेना मला."

तिने गाडी बिघडवली होती. पण त्यांना वाटत होतं, तेच बिघडले.

आईने रात्री परस्पर गोविंदअण्णांना फोन केला. गोविंदअण्णा वर्कशॉपमध्ये अप्पांच्याच हाताखाली काम शिकलेले, आता गोकुळ रोडला त्यांचं गॅरेज होतं. उद्या सकाळी येऊन बघतो म्हणाले. ते ऐकून अप्पांनी ताट सरकवलं. राणीला पुढचं सगळं दिसलं. अण्णा टोपी उघडणार, रोटर हातात घेणार आणि म्हणणार, काय वो भीमराव, ही एवढी चीर दिसली नाही तुम्हाला? गल्ली भरून लोक उभे असणार. आणि गाडी चालू होणार ती होणारच.

रविवारी उजाडलं तेव्हा अप्पा आधीच गाडीपाशी होते. काही करत नव्हते, नुसते उभे होते. राणी गेली, खिशातून चांगला रोटर काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मग टोपी उघडून चिरलेला काढला आणि तो शेजारी ठेवला.

अप्पांनी दोन्हीकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख एकावरून फिरवलं. मग दुसऱ्यावरून. दुसऱ्यावर नख अडकलं.

"कधी घातलास?"

"शुक्रवारी. तुम्ही झोपला होतात."

"म्हणजे काल मी हाच उन्हात धरला होता."

"हो."

ती थापड खायला तयार उभी होती. थापड आली नाही. अप्पांनी चांगला रोटर बसवला, टोपी लावली, आत बसले. पहिल्याच चावीला गाडी चालू झाली, तीच ती, शेजारच्याला ऐकू न जाणारी. आई पळत बाहेर आली आणि देवापुढं जोडावेत तसे हात जोडणार तोच अर्ध्यात आवरले, आपल्या बौद्धांत तसं करत नाहीत हे आठवून. गोविंदअण्णा स्कूटरवरून आले, स्टँड लावता लावता म्हणाले, "मला कशाला बोलावलं वो वैनी? गुरूच्या गाडीला शिष्याचा हात लावून घ्यायचा होता काय?" आईने चहा दिला. अक्काच्या पिशव्या बाहेर यायला लागल्या.

त्या गडबडीत अप्पांनी राणीला खिडकीशी बोलावलं. आवाज अगदी हळू. "डॉक्टरला दाखवलंय मी. काचबिंदू म्हणतात. गेलेलं परत येत नाही. घरात कुणाला बोलू नको. तू पुढं बस. उजवीकडचं तू बघ आणि मला सांगत जा. कुणाला कळणार नाही."

राणीने मान हलवली. कुणी तिला असं कधी मागितलंच नव्हतं काही. घरात जिच्या डोक्यावर कुणाचा भरवसा नव्हता, तिचे डोळे अप्पांना हवे होते. ती पुढं बसलीसुद्धा. दार ओढून घेतलं. मागं अक्का बाळाला घेऊन बसली, बाळ कुंचीत गुंडाळलेलं, नाक तेवढं बाहेर. कारवार रोडच्या लॉऱ्या राणीच्या डोळ्यांपुढं आल्या. एक समोरून, तिच्या मागून दुसरी ओव्हरटेक करत. ती 'अप्पा' म्हणेपर्यंत, अप्पांना ते ऐकू येईपर्यंत, पाय ब्रेकवर जाईपर्यंत.

अप्पांनी गिअर टाकला.

"अप्पांना दिसत नाही," राणी म्हणाली. ओरडली नाही, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "उजवीकडचं दिसत नाही त्यांना. रायापूरला एक बाई मरता मरता वाचली. अक्का, उतर."

गोविंदअण्णांचा चहा तसाच हातात राहिला. आई तरातरा आली आणि खिडकीतून हात घालून राणीचा दंड असा पिळला की तिथं नंतर काळंनिळं झालं. अप्पा म्हणाले नाहीत, ही खोटं बोलते. समोर बघत बसले. सगळ्यांना वाटत होतं, अक्का आता काहीतरी म्हणेल, राणीला झापेल, हसून घालवेल. अक्काने बाळाला छातीशी धरलं, दार उघडलं, आणि खाली उतरली. एकदाही मागं वळून बघितलं नाही. तिलाही कधीतरी कळलं असणार. त्या एका उतरण्याने अप्पांचे खांदे खाली आले.

मग अक्काने दीपकभावजींना फोन लावला. गोविंदअण्णा म्हणाले, मी सोडू काय, मग अप्पांच्या तोंडाकडं बघून स्वतःच गप्प झाले आणि स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मग चालू केली. आई आत जाताना राणीला म्हणाली, "झालं समाधान?"

अर्धा तास झाला तरी गाडी चालूच होती. अप्पांनी बंद केली नव्हती. गिअर काढून ते तसेच बसून होते. गल्लीत कट्ट्याकट्ट्यावर माणसं उभी होती, उगाच झाडांना पाणी घालत, उगाच मोबाइल बघत. राणी उतरून त्यांच्या बाजूला गेली.

"आयडलिंग वाढलंय," अप्पा म्हणाले. "ऐकू येतंय ना?"

वाढलेलं नव्हतं, उभ्या गाडीचं इंजिन हवं तेवढंच फिरत होतं. काल कार्ब्युरेटर जोडताना त्यांनीच ते बरोबर लावलं होतं.

"हो," राणी म्हणाली.

"कमी कर थोडं."

तिने स्क्रूड्रायव्हर आणला आणि बॉनेट उघडून पूर्ण वर केलं. काच झाकली गेली. आता गल्लीतून कुणालाही अप्पांचं तोंड दिसत नव्हतं, तिलाही नाही. तिने स्क्रूवर पातं टेकवलं आणि काहीच न फिरवता तशीच वाकून उभी राहिली. भावजींच्या गाडीचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला, तरी तिने बॉनेट खाली केलं नाही.